जखमी जवानाला सोबत हवी



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते पलटणीत गेलेल्या मुलांची पत्रं त्यांच्या आयांना वाचून दाखवत आणि आयांनी सांगितलेली उत्तरं लिहून देत, असं मी इथल्या वडीलधाऱ्यांकडून ऐकलं आहे. म्हणून आज मी विषय घेतला आहे जखमी जवानाचा. त्याच्या शौर्यावर बोलणारे पुष्कळ आहेत. गोळी लागल्यानंतर, पाय गेल्यानंतर, पाठीचा कणा मोडल्यानंतर लष्कराच्या दवाखान्यांतून, वैद्यकीय बोर्डांतून आणि पेन्शनच्या कचेऱ्यांतून तो कसा जातो, आणि तेव्हा त्याच्या शेजारी कोण असतं, याबद्दल मला बोलायचं आहे. मी डॉक्टर नाही, वकीलही नाही. शाळेतून निवृत्त झाल्यावर सातारा जिल्ह्यातल्या जवानांच्या घरचे कागद वाचून देण्याचं काम मी करते, एवढाच माझा अधिकार.

सुरुवात शंभर वर्षांहून जुन्या गोष्टीने करते, कारण ती आपल्याच माणसांची आहे.

नोव्हेंबर १९१५. बगदादच्या अलीकडे टेसिफॉनला इंग्रजांच्या सहाव्या डिव्हिजनची तुर्कांशी लढाई झाली. या डिव्हिजनचं नावच पूना डिव्हिजन. १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी तिच्यात होत्या. देशावरची आणि कोकणातली शेतकऱ्यांची मुलं. त्या एका लढाईत इंग्रजांच्या बाजूची साडेचार हजारांच्या आसपास माणसं मेली वा जखमी झाली. जखमींना स्प्रिंगा नसलेल्या खेचरगाड्यांत घालून खाचखळग्यांतून नदीवर आणलं, आणि तिथून बोटींवर व बार्जांवर गच्च भरून बसऱ्याला धाडलं. वाटेत कित्येक दिवस गेले.

बसऱ्याला 'व्हरेला' या इस्पितळी जहाजावर इंडियन मेडिकल सर्व्हिसचे मेजर मार्कहॅम कार्टर होते. 'मेजिदिया' ही बोट येताना त्यांना लांबून दिसली. तिच्या अंगाला दोर लोंबताहेत असं त्यांना वाटलं. बोट जवळ आली तेव्हा कळलं, ती वाळलेली विष्ठा होती. डेकवर शेकडो माणसं आपापल्या घाणीत पडलेली. मांडीचं हाड मोडलेल्या एकाला व्हिस्कीच्या खोक्याच्या फळ्या बांधलेल्या. कार्टरनी पाहिलं तसं लिहिलं. आणि वर मात्र तार गेली होती की जखमींची व्यवस्था समाधानकारक झाली आहे.

कार्टरना वरिष्ठांनी दम दिला, अटकेची भाषा केली, लुडबुड्या म्हणून हिणवलं. ते बधले नाहीत. पुढे मेसोपोटेमिया कमिशनपुढे त्यांची साक्ष झाली, १९१७ मध्ये अहवाल छापला गेला आणि भारतमंत्री ऑस्टेन चेंबरलेन यांना राजीनामा द्यावा लागला. मला या प्रकरणात मंत्र्याच्या राजीनाम्यापेक्षा ती तार महत्त्वाची वाटते. कागदावर माणूस बरा होता आणि बोटीवर सडत होता. कागद आणि माणूस यांच्यामध्ये उभा राहणारा एक डॉक्टर निघाला म्हणून खरं बाहेर आलं. तो निघाला नसता तर आपल्या पणजोबांच्या जखमा इतिहासात समाधानकारक म्हणूनच नोंदल्या गेल्या असत्या.

त्याच १९१७ साली मुंबईत अपंग सैनिकांना हातचा धंदा शिकवणारी शाळा निघाली. तीच पुढे खडकीला आलेली क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट. दुसऱ्या महायुद्धात, १९४४ साली, पुण्यात कृत्रिम अवयव केंद्र सुरू झालं. १९७१ च्या युद्धानंतर, १९७४ मध्ये, खडकीला पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर उभं राहिलं. तीन युद्धांनी मागे ठेवलेल्या तीन संस्था एकट्या पुण्यात आहेत. रोज त्यांच्यावरून आपल्या गाड्या जातात. आत काय चालतं हे किती जणांना माहीत आहे?

एक गोष्ट मी आधीच सांगून टाकते. लष्करी डॉक्टरांविरुद्ध बोलायला मी उभी राहिलेले नाही. सीमेवर जखमी झालेल्या जवानाला पहिला हात लावतो तो पलटणीचा नर्सिंग असिस्टंट आणि रेजिमेंटल मेडिकल ऑफिसर. तिथून पुढचं सर्जिकल सेंटर, काश्मिरात असेल तर श्रीनगरचं ९२ बेस हॉस्पिटल, मग उधमपूरचं किंवा पुण्याचं कमांड हॉस्पिटल, नाहीतर दिल्लीचं आर अँड आर हे लष्करी रुग्णालय. सियाचेनच्या उंचीवरून चीता हेलिकॉप्टरने माणूस खाली आणणारे वैमानिक स्वतःचा जीव पणाला लावतात. १९७१ मध्ये सिल्हेटच्या बाजूला पाचव्या गोरखा रायफल्सच्या इयान कार्डोझोंचा पाय सुरुंगावर गेला, तेव्हा त्यांनी स्वतःच खुकरीने तो तोडला आणि पुढची शस्त्रक्रिया युद्धकैदी असलेल्या एका पाकिस्तानी सर्जनने केली. तेव्हापासून आजपर्यंत जीव वाचवण्याचं शास्त्र फार पुढे गेलं आहे. त्या काळी जे वाचले नसते ते आज वाचतात.

अडचण सुरू होते ती जीव वाचल्यावर.

जवान वॉर्डात पडलेला असतो. त्याच्यावर औषधांची गुंगी असते. याच दिवसांत, कधी त्याच्या उशाशी तर कधी हजार मैलांवरच्या युनिटच्या कचेरीत, काही कागद तयार होत असतात. दुखापतीचा अहवाल, ज्याला फौजेत आयएएफवाय-२००६ म्हणतात. गरज असेल तर कोर्ट ऑफ इन्क्वायरी. पुढे महिन्यांनी किंवा वर्षांनी मेडिकल बोर्ड बसतं तेव्हा बोर्डाच्या डॉक्टरांसमोर माणूस असतो, पण निर्णय बहुतेक या जुन्या कागदांवर होतो. घटनेच्या वेळी तो ड्यूटीवर होता का? जखम वा आजार सेवेमुळे झाला की सेवेने वाढला? की दोन्ही नाही? आणि अपंगत्व किती टक्के?

या दोन-तीन रकान्यांत माणसाचं पुढचं सगळं आयुष्य असतं. वर्षानुवर्षं चालत आलेला नियम असा की अपंगत्व २० टक्क्यांच्या खाली भरलं तर पेन्शनमधला अपंगत्वाचा हिस्सा मिळत नाही. १९९६ नंतरच्या सवलतीनुसार मात्र २० भरलं तर ते ५० धरलं जातं. म्हणजे १९ आणि २० मध्ये एका टक्क्याचं नव्हे, एका संसाराचं अंतर आहे. शंभर टक्के अपंगत्वाला हा हिस्सा शेवटच्या पगाराच्या ३० टक्के. तीच जखम लढाईतली ठरली आणि जवानाला त्याच कारणाने सेवेतून काढलं तर हा हिस्सा पूर्ण पगाराइतका. समजा, दोन जवानांचा एकेक पाय गुडघ्याखाली गेला. एकाचा नियंत्रण रेषेवरच्या सुरुंगाने, दुसऱ्याचा ताफ्यातली गाडी दरीत गेल्याने. दुखणं एकच, कुबड्या त्याच, पण कागदावरचं अक्षर बदललं की रक्कम बदलते. या फरकामागे विचार आहे आणि तो मला मान्यही आहे. पण ज्याच्यावर तो लागू होणार त्याला तो कुणीतरी वेळेवर समजावून सांगायला नको का? सप्टेंबर २०२३ नंतर बाहेर पडणाऱ्यांसाठी तर नियमच नवे आले. माजी सैनिकांच्या संघटनांनी त्यांवर आक्षेप घेतले आहेत. जुना नियम कुणाला, नवा कुणाला, हे आता शिकलेल्यालाही पटकन उमगत नाही.

बोर्डाच्या फॉर्मचा पहिला भाग जवानाने स्वतः सांगायचा असतो. हा त्रास भरतीच्या आधी होता का, कुठे सुरू झाला, कशाने झाला असं तुम्हाला वाटतं. फॉर्म इंग्रजीत. मी पाहिलेल्या फॉर्मांत या जागी दोन-तीन शब्द असतात आणि खाली सही. उंचीवरच्या ठाण्यावर कितीदा ड्यूटी केली, बर्फात पाठीवर किती वजन वाहिलं, पहिल्यांदा चक्कर कुठे आली, यातलं काही नसतं. कोरेगाव तालुक्यातल्या एका हवालदाराला मी विचारलं, 'अहो, हे तुम्ही लिहिलं का नाही?' तो म्हणाला, 'बाई, बाबूने बोट ठेवलं तिथं सही केली. घरी जायची घाई होती.' त्याच्यावर रागावणार कसं? महिनोन्‌महिने वॉर्डात काढलेल्या माणसाला घरी जायची घाई असणारच. त्या वेळी त्याच्या शेजारी फॉर्म वाचून दाखवणारं कुणी असतं तर त्याची पुढची सहा-सात वर्षं अपिलात गेली नसती.

आता ज्याचा निकाल सगळ्यांच्या कामी आला अशा एका जवानाबद्दल. धरमवीर सिंग हे १९८५ मध्ये सिग्नल्समध्ये भरती झाले. नऊ वर्षांच्या सेवेनंतर, १९९४ मध्ये, फिट्‌सच्या आजारामुळे त्यांना बोर्डआऊट केलं, म्हणजे वैद्यकीय कारणाने सेवेतून काढलं. अपंगत्व २० टक्के, पण सेवेशी संबंध नाही असा शेरा. पेन्शन नाकारली. सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला तो २०१३ च्या जुलैमध्ये. न्यायालयाने सांगितलं की भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर माणूस धडधाकट होता असं मानायचं, आणि आजाराचा सेवेशी संबंध नाही हे सिद्ध करण्याचं ओझं सरकारवर, जवानावर नाही. विचार करा, १९९४ ते २०१३. नियमाच्या पुस्तकात जे १९८२ पासून लिहिलेलं होतं, ते वाचून घ्यायला एका जवानाला एकोणीस वर्षं लागली. पुढच्याच वर्षी, डिसेंबर २०१४ मध्ये, राम अवतार यांच्या प्रकरणात टक्केवारी वर धरण्याची सवलत नियत वेळी निवृत्त झालेल्यांनाही लागू आहे असा निकाल आला, आणि सरकारने अपंग सैनिकांविरुद्ध केलेली शेकडो अपिलं एकाच वेळी फेटाळली गेली.

त्या अपिलांचा मला संताप येतो. ज्याने पाय दिला त्याच्याविरुद्ध सरकारी तिजोरीतून वकील उभा करायचा! गोव्याचे मनोहर पर्रीकर संरक्षणमंत्री असताना त्यांनी हे दुखणं ओळखलं. २०१५ मध्ये त्यांनी तज्ज्ञांची समिती नेमली, माजी सैनिकांविरुद्धची खटलेबाजी कमी कशी करायची हे विचारलं, आणि समितीने त्याच वर्षी विस्तृत अहवाल दिला. मंत्र्याने स्वतःच्या खात्याच्या वकिलीबद्दल असा प्रश्न विचारणं ही छोटी गोष्ट नाही. त्या अहवालातलं बरंच काही अजून अमलात यायचं आहे.

जगात इतरत्र काय झालं? सगळं न सांगता एकच उदाहरण देते. अमेरिकेचं वॉल्टर रीड हे लष्करी रुग्णालय जगात नावाजलेलं. इराक आणि अफगाणिस्तानातून आलेल्या जखमींवर तिथे उत्तम शस्त्रक्रिया होत. फेब्रुवारी २००७ मध्ये वॉशिंग्टन पोस्टच्या डॅना प्रीस्ट आणि अ‍ॅन हल या दोन बातमीदार स्त्रियांनी तिथल्या बाह्यरुग्ण जवानांची हकीकत छापली. बिल्डिंग १८ मध्ये भिंतींना बुरशी, खोल्यांत झुरळं आणि उंदीर. याचे फोटो जगभर गेले. पण बातमीतली मला जास्त लागलेली गोष्ट निराळी होती. एका जखमी सैनिकाला आठ वेगवेगळ्या कचेऱ्यांकडे मिळून २२ कागद भरावे लागत. १६ संगणक प्रणाल्या होत्या आणि बहुतेकींचा एकमेकींशी संबंध नव्हता. डोक्याला मार लागलेली, स्मरणशक्ती गेलेली मुलं आपली फाईल शोधत इमारतीतून इमारतीत फिरत होती. काहींना आपण इराकला गेलो होतो हेसुद्धा सिद्ध करावं लागलं.

पुढे लष्कराचे सचिव गेले, रुग्णालयाचे प्रमुख जनरल गेले. दुसऱ्या महायुद्धात ज्यांचा उजवा हात कायमचा निकामी झाला ते माजी सिनेटर बॉब डोल आणि माजी आरोग्यमंत्री डॉना शलाला यांचा आयोग बसला. इमारतीला रंग लावण्यापेक्षा मोठं काही त्या आयोगाने सुचवलं. प्रत्येक गंभीर जखमी सैनिकामागे एक ठरलेला माणूस हवा, ज्याच्याकडे त्याची संपूर्ण योजना असेल, आणि सैनिकाने फक्त त्याच्याशी बोलायचं. लष्करानेही जखमींसाठी वेगळी युनिटं काढली. त्यांत प्रत्येकामागे एक डॉक्टर, एक नर्स आणि एक पलटणीतला नायक. ती व्यवस्थाही पुढे निर्दोष राहिली नाही, तक्रारी झाल्याच. तरी मूळ कल्पना बरोबर होती. आपल्याकडे मेडिकल बोर्ड आहे, रेकॉर्ड ऑफिस आहे, प्रयागराजची पेन्शन कचेरी आहे, पेन्शनची स्पर्श ही संगणक प्रणाली आहे, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहे, माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं, म्हणजे ईसीएचएसचं, पॉलिक्लिनिक आहे. प्रत्येकाचं काम ठरलेलं आहे. जवानाचं सगळं मिळून काम कुणाचं, ते ठरलेलं नाही.

आता घरी येऊ. हा भाग मला सगळ्यांत जास्त माहीत आहे, कारण तो बायकांनी मला सांगितला आहे.

कण्याला मार लागून कमरेखाली लुळा झालेला माणूस पाटण किंवा जावळीच्या डोंगरातल्या गावी परत येतो. घराला तीन पायऱ्या आणि उंबरा. संडास परड्यात. रस्त्यावर चाकाची खुर्ची चालत नाही. दर दोन तासांनी कूस बदलली नाही तर पाठीला जखमा होतात, आणि त्या हाडापर्यंत जातात. लघवीच्या नळीची स्वच्छता चुकली की ताप, मग मूत्रपिंडं. पॅराप्लेजिया झालेली, म्हणजे अशी लुळी पडलेली, कितीतरी माणसं मूळ गोळीने नव्हे, या दोन गोष्टींनी मरतात. हे सगळं बघते त्याची बायको, आणि तिला ते कुणी नीट शिकवलेलं नसतं. शंभर टक्के अपंगत्व असलेल्याला सोबतीच्या माणसासाठी वेगळा भत्ता असतो. मी ज्या घरांत गेले त्यांतल्या कितीतरी बायकांना तो ठाऊकच नव्हता. ईसीएचएसची योजना २००३ पासून आहे, चांगली आहे. पण मोठ्या रुग्णालयाचा रेफरल घ्यायला त्या माणसाला आधी पॉलिक्लिनिकपर्यंत न्यायचं कसं, हा प्रश्न सुटत नाही.

खडकीच्या पॅराप्लेजिक केंद्रात याचं उत्तर दिसतं. तिथे अशा जवानांना राहायला जागा आहे, नर्सिंग आहे, व्यायाम आहे, काम आहे, चाकाच्या खुर्चीवरचा बास्केटबॉल आहे. तोंडात कुंचला धरून चित्रं काढणारे जवान तिथले. तिथे जाणाऱ्याने कीव बाहेर ठेवून जावं.

सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरच्या मुरलीकांत पेटकरांचं नाव आता सगळ्यांना माहीत झालं आहे. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या, पाय लुळे पडले. १९७२ मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर पोहण्यात त्यांनी सुवर्णपदक मिळवलं. पद्मश्री मिळाली २०१८ मध्ये. सत्कारांत आपण पदकाची गोष्ट सांगतो. मला त्याच्या आधीची वर्षं दिसतात. उपचारांच्या काळात त्या लुळ्या जवानाला पाण्यात उतरायला कुणीतरी सांगितलं, आणि तो उतरला. प्रत्येक जवान पेटकर होणार नाही, व्हायची गरजही नाही. पण पुढे काय करता येईल हे सांगणारा माणूस मात्र प्रत्येकाच्या वाट्याला यायला हवा.

मनाच्या जखमांबद्दल दोन वाक्यं तरी बोललंच पाहिजे. फौजेच्या वैद्यकीय वर्गवारीत, ज्याला शेप म्हणतात, पहिलंच अक्षर मनाच्या स्थितीचं आहे. पण मनाचा आजार घराण्यातला, स्वभावातला, असा शेरा पडायला वेळ लागत नाही, आणि गावात तर त्याला दुसरंच नाव पडतं. पाय गेलेल्याचा सत्कार होतो. रात्री ओरडत उठणाऱ्याच्या घरी कुणी जात नाही.

आणि ज्यांना सैनिकच मानलं गेलं नाही असेही आहेत. अधिकारी होण्याच्या प्रशिक्षणात, खडकवासल्याच्या एनडीएसारख्या ठिकाणी, जायबंदी होऊन घरी पाठवलेली मुलं. कमिशन मिळायच्या आत जखम झाली म्हणून ती माजी सैनिकांत मोडत नव्हती. २०२५ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि त्यानंतर त्यांना ईसीएचएसचं दार उघडलं. अठरा-वीस वर्षांच्या मुलांना इतकी वाट पाहायला लावणं हा आपल्या सगळ्यांचा दोष आहे.

सरकारने काय करावं हे माझ्या मते स्पष्ट आहे. गंभीर जखमी जवान रुग्णालयात दाखल झाला त्याच आठवड्यात त्याला एक माणूस नेमून द्यावा. नाव असलेला, फोन उचलणारा, बदली झाली तर दुसऱ्याकडे रीतसर सोपवणारा. बोर्डाचे कागद जवानाच्या भाषेत समजावून दिल्याशिवाय सही घेऊ नये. घरच्या माणसाला शुश्रूषेचं शिक्षण दिल्याशिवाय घरी पाठवू नये. यात पैशाचं काम थोडं आहे.

पण सरकार करील तेव्हा करील. या सभागृहात निवृत्त सुभेदार आहेत, शिक्षक आहेत, वकील आहेत, कॉलेजची मुलं आहेत. साताऱ्याच्या प्रत्येक गावात फौजेतली घरं आहेत. तुमच्या गावात बोर्डआऊट होऊन आलेला कुणी असेल तर त्याच्या घरी जा. मेडिकल बोर्डाची प्रत, दुखापतीचा अहवाल, डिस्चार्ज बुक आणि पेन्शनचा आदेश, म्हणजे पीपीओ, त्याच्याजवळ आहेत का बघा. नसतील तर रेकॉर्ड ऑफिसला अर्ज लिहून द्या, आणि अर्जाची पोच ठेवा. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात त्याला एकट्याला पाठवू नका, बरोबर जा. पेन्शन नाकारल्याचं पत्र असेल तर त्यावरची तारीख पहिल्यांदा वाचा, कारण पहिल्या अपिलाला मुदत सहा महिन्यांची असते. ती उलटून गेली असेल तरी थांबू नका. सशस्त्र सेना न्यायाधिकरणाचं खंडपीठ मुंबईत आहे, आणि उशीर माफ करण्याचा अधिकार त्याला आहे.